शेल आणि लिपी : आठव्या बिटापासून युनिकोडपर्यंत

संगणक आणि भारतीय भाषा हा विषय निघाला की आपली चर्चा बहुधा फाँट, कळफलक आणि छपाई यांच्यापाशी येऊन थांबते. मराठीचे टंकलेखन जमले, उर्दूचे नस्तालीक पडद्यावर उमटले, की काम झाले असे आपण धरून चालतो. पण संगणकाला थेट हुकूम देण्याची एक जुनी जागा आहे. तिला शेल म्हणतात. तेथे चित्रे नाहीत, माऊस नाही. एका ओळीत आज्ञा टंकायची, एंटर दाबायचा आणि आलेले उत्तर वाचायचे. सर्व्हर चालवणारे आणि प्रोग्राम लिहिणारे लोक आजही याच ओळीवर काम करतात. या ओळीत आपल्या लिपी कशा शिरल्या आणि कितपत शिरल्या, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

युनिकोड आले आणि जगातील सर्व लिपी संगणकावर समान झाल्या, हे विधान आपण वर्गात सहज करून जातो. शेलचा इतिहास पाहिला तर ते अर्धेच खरे ठरते. साठवण्याच्या बाबतीत लिपी समान झाल्या. मोजण्याच्या आणि पडद्यावर मांडण्याच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही, आणि त्याची कारणे युनिकोडच्या कितीतरी आधीची आहेत.

शेल हे नाव फ्रान्सचे लुई पूझाँ यांनी १९६०च्या दशकात मल्टिक्स या प्रणालीच्या संदर्भात दिले. पुढे १९६९ पासून अमेरिकेत न्यू जर्सीतील बेल लॅब्ज या संस्थेत केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली आणि शेल तिचा दरवाजा बनला. त्या काळी संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप, कागदावर खटखट छापणारे यंत्र. अक्षरसंच आस्कीचा. सात बिटांत बसणाऱ्या एकूण १२८ खुणा, त्यात इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे. बाइट मात्र आठ बिटांचा. म्हणजे प्रत्येक अक्षरामागे एक बिट रिकामा राहत होता.

घरात रिकामा कोनाडा दिसला की कोणीतरी त्यात सामान ठेवतोच. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्न यांचा प्रसिद्ध शेल आला. या शेलमध्ये काही चिन्हांना विशेष अर्थ असतो. उदाहरणार्थ, तारांकन म्हणजे 'सर्व फाइली'. पण तेच चिन्ह अवतरणात ठेवले तर त्याला नुसते चिन्ह समजायचे असते. कोणते अक्षर अवतरणातले आहे हे लक्षात ठेवण्यासाठी बॉर्न यांच्या शेलने त्या अक्षराचा रिकामा आठवा बिट वापरला. काम संपले की तो बिट पुसून टाकायचा. युक्ती सोपी, वेगवान आणि इंग्रजीपुरती निर्दोष होती. बर्कलीत बिल जॉय यांनी लिहिलेल्या सी शेलमध्येही हाच मार्ग होता.

आता याच काळात आपल्याकडे काय घडत होते ते पाहू. कानपूरच्या आय. आय. टी.त भारतीय लिपींच्या संगणकीकरणाचे जे काम झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट या नावाने वाढले. इस्की हा भारतीय लिपींचा संकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तो आय. एस. १३१९४ म्हणून स्वीकारला. इस्कीत खालचे १२८ क्रमांक इंग्रजीचे आणि वरचे भारतीय लिपींचे. म्हणजे देवनागरीचे अस्तित्वच आठव्या बिटावर उभे होते. इस्कीत 'क' चा क्रमांक १७९ आहे. बॉर्नच्या जुन्या शेलने त्याचा आठवा बिट पुसला की उरतात ५१, आणि आस्कीत ५१ म्हणजे इंग्रजी अंक ३. 'क' चा ३, 'ख' चा ४, 'ग' चा ५ अशी ही रांग लागते. यात द्वेष वा दुर्लक्ष असे काही नव्हते. बॉर्न यांच्यासमोर देवनागरी नव्हतीच. युरोपीय भाषांच्या स्वरचिन्हांकित अक्षरांनाही तोच फटका बसत होता. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिक्सचा व्यापार युरोपात वाढला, तेव्हा शेलमधून ही युक्ती काढून टाकण्यात आली. आपल्या वाट्याला जी दुरुस्ती आली ती फ्रेंच आणि जर्मन ग्राहकांच्या मागून आली, हेही नोंदवायला हवे. उर्दूचा तर इस्कीतही समावेश नव्हता. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींसाठीच तो संकेत होता.

जपानची अडचण निराळी होती. तेथे एका अक्षराला दोन बाइट लागत आणि शिफ्ट-जिस या संकेतात काही अक्षरांचा दुसरा बाइट नेमका उलट्या तिरप्या रेघेचा येत असे. शेलमध्ये त्या रेघेला विशेष अर्थ आहे. त्यामुळे निरपराध जपानी शब्दाच्या मध्येच शेल अडखळत असे. परक्या लिपीतला बाइट शेलच्या खुणेशी जुळला की घोटाळा ठरलेला. पुढचा सगळा प्रश्न या एका वाक्यात सामावला आहे.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. प्रत्येक अक्षराला १६ बिटांचा, म्हणजे दोन बाइटांचा क्रमांक द्यावा अशी तिची कल्पना होती. देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरून घेतली गेली; अरबी लिपीच्या विभागात उर्दूची खास अक्षरेही आली. कागदावर सारे छान. पण हे दोन बाइट जसेच्या तसे युनिक्समध्ये आणायचे म्हटले तर काय झाले असते? युनिक्सला फाइलच्या नावात दोनच बाइट चालत नाहीत. एक शून्य, कारण तेथे शब्द संपला असे समजले जाते. आणि दुसरा ४७, म्हणजे तिरपी रेघ, कारण ती एका फोल्डरला दुसऱ्यापासून वेगळे करते. १६ बिटांत प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या पोटात एक शून्य येते. इतकेच नाही, देवनागरी 'य' चा दुसरा बाइट ४७ आहे. उर्दूतील 'दाल' चाही दुसरा बाइट ४७च आहे. म्हणजे 'विद्यालय' नावाची फाइल दोन ठिकाणी तुटली असती आणि 'मदरसा' एका ठिकाणी. विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे. हाताने तपासता येते आणि एकदा तपासले की विसरत नाही.

यावरचा तोडगा सप्टेंबर १९९२ मध्ये निघाला. बेल लॅब्जमध्ये तेव्हा प्लॅन ९ नावाची नवी प्रणाली तयार होत होती. एक्स-ओपन या समितीच्या बाजूने काही जणांनी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांना त्यांच्या नव्या संकेताच्या मसुद्यावर मत विचारले. त्या दोघांनी आपलाच एक आराखडा सुचवायचे ठरवले. २ सप्टेंबरच्या संध्याकाळी न्यू जर्सीतील एका खानावळीत जेवताना थॉम्प्सन यांनी बिटांची मांडणी ताटाखालच्या कागदावर लिहिली. आठवड्याभरात संपूर्ण प्लॅन ९ त्यावर चालू लागले. जानेवारी १९९३ मध्ये सॅन डिएगोच्या युसेनिक्स परिषदेत त्यांनी निबंध वाचला. याच संकेताला पुढे यूटीएफ-८ हे नाव मिळाले.

त्याची रचना थोडी सावकाश पाहण्यासारखी आहे. आस्कीतील अक्षर जसेच्या तसे एका बाइटात राहते. बाकीच्या प्रत्येक अक्षराला दोन ते चार बाइट लागतात, आणि त्यांतील एकही बाइट १२८ पेक्षा लहान नसतो. शून्य येण्याची भीती नाही, ४७ येण्याची नाही, तारांकन वा उलटी रेघ येण्याचीही नाही. 'क' चे तीन बाइट होतात : २२४, १६४, १४९. उर्दू 'अलिफ' चे दोन : २१६, १६७. पहिला बाइट पाहून पुढे किती बाइट आहेत ते कळते आणि मधला बाइट पाहून तो मधला आहे हेही कळते. इंग्रजीला एक, उर्दूला दोन, मराठीला तीन, या वाटणीवर आपल्याकडे अधूनमधून नाराजी दिसते. ती मला फारशी पटत नाही. डिस्कवरील जागा आज स्वस्त आहे. खरी अडचण पुढे आहे.

या रचनेचे मोठे यश असे की शेलला बरेच काही शिकावेच लागले नाही. आठवा बिट न पुसणारा कोणताही शेल मराठी नावाची फाइल उघडू शकत होता, कारण त्याच्या दृष्टीने ते नुसते बाइट होते. काय वाहून नेत आहोत हे हमालाला ठाऊक नसले तरी गाठोडे मुक्कामी पोचते, तसेच हे.

पण शेल नुसता हमाल नाही. माणूस त्याच्यासमोर बसून ओळ लिहितो, खोडतो, मागे जाऊन सुधारतो. तेथे बाइट पुरत नाहीत. 'क' टंकून बॅकस्पेस दाबली आणि शेलने तीनपैकी एकच बाइट पुसला, तर पडद्यावर अक्षर गेलेले दिसते, पण आज्ञेत दोन बाइटांचा तुकडा शिल्लक राहतो आणि 'अशी फाइल नाही' असे उत्तर येते. म्हणून ओळ-संपादनाला अक्षर म्हणजे काय हे शिकवणे भाग होते. लिनक्सवर सर्वाधिक वापरला जाणारा बॅश हा शेल ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे चेट रेमी यांनी तो सांभाळला. त्यात आणि त्याच्या रीडलाइन या संपादक भागात बहुबाइटी अक्षरांची सोय जुलै २००२ मध्ये, २.०५बी या आवृत्तीत आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रेड हॅट लिनक्स ८.० ने यूटीएफ-८ हाच मूळ संकेत ठरवला. लिनक्सच्या गाभ्यालाही बॅकस्पेससाठी अशी जाणीव २००४ मध्ये, २.६.४ या आवृत्तीत देण्यात आली. युनिकोडची पहिली आवृत्ती आणि शेलमधली बिनचूक बॅकस्पेस यांत दहा-बारा वर्षे गेली.

हे काम प्रत्येक शेलने आपापल्या स्वभावानुसार केले. बॅशने आत बाइटच ठेवले आणि गरज पडेल तेथे त्यांचा अक्षरांत अर्थ लावला. झेड शेलचा पेच जास्त गमतीदार आहे. १९९० मध्ये पॉल फालस्टॅड यांनी लिहिलेला हा शेल आपल्या अंतर्गत खुणांसाठी १२८च्या पुढच्या काही किमती वापरत होता, म्हणजे बॉर्न यांच्या कोनाड्याचाच वारसा. 'क' चा तिसरा बाइट १४९ नेमका त्या खुणांच्या टापूत पडतो. म्हणून असा बाइट आला की त्याच्यापुढे एक 'सावध' बाइट ठेवायचा आणि मूळ बाइट थोडा बदलून लिहायचा, ही पद्धत तेथे होती. ती तशीच ठेवून केवळ ओळ-संपादक खऱ्या अक्षरांवर चालवण्याचे काम ४.३ या विकास-मालिकेत झाले. स्थिर रूपात ते २०१२ च्या ५.० आवृत्तीबरोबर पोचले. २००५ साली आलेल्या फिश या शेलला जुने ओझे नव्हते. त्याने पहिल्यापासून आतले सर्व शब्द अक्षरक्रमांकांच्या रूपात ठेवले. मात्र अर्थ न लागणारे बाइट हरवू नयेत म्हणून त्यांना युनिकोडच्या खाजगी विभागात जागा द्यावी लागली. नवे घर बांधले तरी अडगळीची खोली लागतेच.

यापुढचा टप्पा आपल्या लिपींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. टर्मिनलचा पडदा म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी घरे, १९७८ च्या व्हीटी-१०० पासून रूढ झालेल्या ८० स्तंभ आणि २४ ओळींची. मुळात टेलिटाइपचे प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचे, म्हणून ही कल्पना निघाली. ओळ कोठे मोडेल आणि कर्सर कोठे उभा राहील हे शेल स्वतः मोजतो. पडद्यावर मांडणी करणारे टर्मिनल मात्र निराळा प्रोग्राम आहे. दोघांचे गणित जुळले नाही तर अक्षरे एकमेकांवर चढतात. हे गणित सर्वांना सारखे मिळावे म्हणून केंब्रिज विद्यापीठातील मार्कुस कून यांनी अक्षराची रुंदी सांगणारे एक छोटे फंक्शन लिहिले, जे पुढे असंख्य प्रोग्रामांत गेले. चिनी-जपानी अक्षराला दोन घरे, लॅटिन अक्षराला एक, वर-खाली चिकटणाऱ्या खुणेला शून्य. आपल्या लिपीला हा हिशेब कसा लागू होतो?

'शिक्षण' हा शब्द घेऊ. यूटीएफ-८ मध्ये त्याचे १८ बाइट होतात. युनिकोडचे क्रमांक सहा : श, वेलांटी, क, पाय मोडण्याची खूण, ष, ण. कून यांच्या हिशेबाने घरे पाच, कारण पाय मोडण्याची खूण शून्य धरली जाते, पण वेलांटीला स्वतंत्र घर मिळते. आणि पहिलीच्या मुलाला विचारले तर तो अक्षरे तीनच सांगेल : शि, क्ष, ण. एका शब्दाला १८, ६, ५ आणि ३ अशी चार उत्तरे, आणि आपापल्या पातळीवर चारही बरोबर. बॅशला या शब्दाची लांबी विचारली तर तो सहा सांगतो. भाषेची मांडणी न ठरवता साध्या स्थितीत चालवला तर अठरा. उबुंटूने २००६ मध्ये प्रणालीच्या अंतर्गत कामासाठी डॅश हा हलका शेल स्वीकारला, आणि तो तर बाइटच मोजत होता. 'एक अक्षर' दर्शवणारे प्रश्नचिन्ह बॅशमध्ये 'शि' ला जुळत नाही, दोन प्रश्नचिन्हे द्यावी लागतात.

वापरणाऱ्याला जे एक अक्षर वाटते त्याचे नियम युनिकोडने वेगळे दिलेले आहेत. त्यांत 'शि' एक धरले जात होते, पण 'क्ष' चे दोन तुकडे पडत. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत नवा नियम आला आणि देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू, मल्याळम या लिपींतील जोडाक्षरे एकसंध धरली जाऊ लागली. म्हणजे 'शिक्षण' चे उत्तर चारवरून तीनवर यायला पहिल्या आवृत्तीपासून ३२ वर्षे लागली. जोडाक्षर हा आपल्या बाराखडीनंतरचा पहिला धडा आहे, हे लक्षात घेतले तर ही मुदत लहान नाही. आणि मानक बदलले म्हणून शेल लगेच बदलतो असे नाही. घरांचा हिशेब शेल आणि टर्मिनल दोघांनी एकाच वेळी बदलावा लागतो. एकट्याने बदलला तर पूर्वीपेक्षा जास्त गोंधळ होतो, आणि म्हणूनच पुढे पाऊल टाकणे अवघड जाते.

एक खास मराठी अडचण 'ऱ' ची. 'तऱ्हा', 'दऱ्या' या शब्दांतील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो : 'ऱ' चा स्वतंत्र क्रमांक वापरून, र आणि नुक्ता असे दोन क्रमांक वापरून, किंवा र चा पाय मोडून त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर तिन्ही सारखे. शेल मात्र फाइलचे नाव बाइटांनी ताडून पाहतो. त्यामुळे एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला त्याच नावाने सापडत नाही. अॅपलच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइलप्रणालीत तर नाव साठवतानाच संयुक्त क्रमांक सुटे केले जात. उर्दूत हाच अनुभव 'ये' आणि 'काफ' यांच्या बाबतीत येतो. अरबी कळफलकावरचा 'काफ' आणि उर्दू कळफलकावरचा 'काफ' यांचे क्रमांक वेगळे आहेत. शब्दात ते जवळजवळ सारखे दिसतात आणि शोधताना फसवतात. बेळगावसारख्या ठिकाणी, जेथे एकाच कार्यालयात मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी नोंदी येतात, तेथे फाइलींची नावे कोणत्या कळफलकावरून टंकायची हे आधी ठरवून घेतलेले बरे.

उर्दूच्या बाबतीत मोजणीचा प्रश्न सौम्य आहे. 'तालीम' हा शब्द उर्दूत ते, ऐन, लाम, ये, मीम असा पाच हरफांचा. क्रमांक पाच, घरे पाच, बाइट दहा. पेच दिशेचा आणि जोडणीचा आहे. साध्या टर्मिनलवर हे पाच हरफ सुटे आणि डावीकडून उजवीकडे, म्हणजे उलटे उमटतात. टर्मिनलने दिशेचे नियम पाळले की शब्द वाचता येतो, पण मग वाट चुकते. समजा 'तालीम' फोल्डरच्या आत 'मदरसा' फोल्डर आहे, आणि त्यांच्या आधी व नंतर इंग्रजी नावे आहेत. दोन उर्दू नावांमधल्या तिरप्या रेघेला स्वतःची दिशा नसते, म्हणून ती दोन्ही नावे मिळून उजवीकडून डावीकडे मांडली जातात. डावीकडून वाचत येणाऱ्याला आधी 'मदरसा' दिसतो आणि मग 'तालीम'. शेलच्या लेखी क्रम बरोबर असतो. डोळ्याला तो उलटा दिसतो. मिटवण्याची आज्ञा देताना असा गैरसमज महागात पडू शकतो.

यावर १९९० च्या दशकापासून विचार झाला आहे. जपानमध्ये घडलेल्या एमएलटर्म या टर्मिनलने आणि केडीईच्या कन्सोलने आपापल्या पद्धतीने सोय केली. २०१९ मध्ये एग्मोंट कोब्लिंगर यांनी टर्मिनलमधील दुहेरी दिशेसाठी सविस्तर आराखडा मांडला आणि त्याच वर्षी ग्नोमच्या व्हीटीई ०.५८ मध्ये तो प्रत्यक्षात आला. त्या आराखड्यात एक गोष्ट स्पष्ट केलेली आहे : काही प्रोग्रामांना टर्मिनलने दिशा सांभाळलेली हवी असते, तर मजकूर-संपादकासारख्यांना ती स्वतः सांभाळायची असते. म्हणून दोन्ही रीती ठेवून त्यांच्यात अदलाबदल करण्याचा संकेत दिला आहे. तो संकेत पाठवायचे काम त्या त्या प्रोग्रामचे आहे, आणि तो न पाठवणाऱ्या प्रोग्रामसमोर टर्मिनल मूळ ठरलेल्या रीतीनेच वागते.